कात्रिना देवी नव्हे, आणि ती श्रीमंतही नव्हती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोतल्या मृतांच्या सणावरचा लेख वाचला. छायाचित्रे उत्तम आहेत. पण फुलांची टोपी घातलेल्या सांगाड्याखाली ‘मेक्सिकोची प्राचीन मृत्युदेवता कात्रिना’ अशी ओळ छापली आहे. लेखात पुढे म्हटले आहे की ही श्रीमंत बाई ‘मृत्यूपुढे गरीब-श्रीमंत सारखेच’ असे सांगते. पहिली चूक साधी आहे. मेक्सिकोतल्या प्राचीन अॅझ्टेक लोकांची मृत्युदेवता होती, तिचे नाव मिक्तेकासिहुआत्ल. कात्रिना हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी छापखान्यासाठी काढलेले चित्र आहे. दुसऱ्या विधानाने मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

मी एकतीस वर्षे ब्लॉकमेकर होतो. जस्ताच्या पत्र्यावर चित्र उतरवायचे, अॅसिडच्या तबकात पत्रा हलवत राहायचे, अॅसिड रेषेच्या बुडात शिरू नये म्हणून मधे मधे बाहेर काढून कडा जपायच्या, आणि तयार ठसा लाकडावर ठोकून छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीला आणायचा, हे माझे काम. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिले ते एका जुन्या कलाविषयक मासिकात, आणि पाहिले ते कारागिराच्या नजरेने. ते काढणारा होसे ग्वादालुपे पोसादा अॅसिडला दाद न देणाऱ्या शाईने सरळ जस्तावर चित्र काढत असे. बाकीचा धातू अॅसिड खाऊन टाकी, रेषा उंच उरत, आणि ठसा मजकुराच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येई. टोपीवरची शहामृगाची पिसे, रिबिनीच्या गाठी, फुले जरूर नीट पाहा. इतक्या जवळजवळच्या रेषा आत काळ्या न भरता छापून आणणे म्हणजे काय, हे ज्याने ते काम केले त्यालाच कळेल.

पोसादाचा जन्म १८५२चा, मेक्सिकोतल्या आग्वासकालियेंतेस शहरातला. १८८८ मध्ये तो राजधानीत आला आणि आंतोनियो वानेगास आरोयो या प्रकाशकासाठी रस्त्यावर विकायच्या पत्रकांची चित्रे करू लागला. खून, फाशी, भूकंप, चमत्कार, प्रेमाची कवने, सगळे स्वस्तातल्या रंगीत कागदावर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसांसाठी, कालावेरा निघत. कालावेरा म्हणजे कवटी, आणि त्याच नावाची पद्येही असतात. हयात माणसाला मेला असे समजून त्याचा मृत्युलेख लिहायचा. पुढारी, सेनापती, शेजारचा पाववाला, कोणीही त्यात सापडे. पोसादाने सायकलींची शर्यत खेळणारे सांगाडे काढले, ते सांगाडे म्हणजे राजधानीतली वर्तमानपत्रे. म्हणजे कालावेरा मेलेल्यांवर नव्हे, जिवंतांवर बोलते. लेखातून हेच निसटले आहे.

आता ती बाई. पोसादाच्या चित्रात तिचे नाव कात्रिना नाही, गार्बान्सेरा आहे. हा शब्द गार्बान्सो म्हणजे काबुली चण्यावरून आला. मूळ रक्ताच्या असून युरोपियन असल्याचा आव आणणाऱ्या, आपल्याच माणसांची लाज वाटणाऱ्या बायकांना त्या काळी असे म्हणत. चित्र छापले गेले त्या १९१३च्या पत्रकावर मजकूर आहे की आज पावडर लावून मिरवणाऱ्या गार्बान्सेरा शेवटी विद्रूप कवट्या होतील. पोसादाने तिला फक्त डोके आणि टोपी दिली आहे. अंगावर वस्त्र नाही, कारण अंगच नाही. तिच्याजवळ होती ती एवढी फ्रेंच टोपी. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत पॅरिसची नक्कल हीच प्रतिष्ठा झाली होती. वरचे लोक ती पैशाने करत, खालचे पावडरीने. पोसादाने चिमटा काढला तो खालच्यांना, आणि हे मला आजही थोडे टोचते. ज्या बाईने अपमान टाळण्यासाठी चेहरा गोरा केला, तिच्यावर हसणे सोपे होते. मी पोसादाला फार मानतो, तरी हे म्हटलेच पाहिजे.

तिला श्रीमंत केले ते चित्रकार दिएगो रिव्हेराने. १९४७ मध्ये त्याने मेक्सिको सिटीतल्या हॉटेल देल प्रादोच्या भिंतीवर ‘आलामेदा बागेतल्या रविवार दुपारचे स्वप्न’ हे भित्तिचित्र पूर्ण केले. त्यात तिला पायघोळ पोशाख दिला, गळ्यात पिसांचा साप दिला. ‘कात्रिना’ हे नावही त्याच्यामुळेच तिला चिकटले. कात्रिन म्हणजे छानछोकीत राहणारा पैसेवाला. तेव्हापासून मोलकरणीची मालकीण झाली आणि चिमट्याची दिशा फिरली.

मुलगी नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत होती तेव्हा मी ते भित्तिचित्र पाहिले. १९८५च्या भूकंपात हॉटेलचे नुकसान झाल्यावर ते बागेजवळच्या संग्रहालयात हलवले आहे. मधोमध सांगाडा उभा आहे. तिच्या एका हातात लहानग्या दिएगोचा, म्हणजे खुद्द रिव्हेराचा हात, दुसरा हात काळ्या सुटातल्या पोसादाच्या हातात. मागे रिव्हेराची पत्नी, चित्रकार फ्रिडा काहलो. सगळे तिथेच फोटो काढत होते. मी बराच वेळ बाजूच्या एका कोपऱ्यासमोर उभा होतो. तिथे पोलीस एका आदिवासी कुटुंबाला बागेतून हाकलतो आहे. चांगल्या कपड्यातल्या लोकांची बाग, या कुटुंबाला आत जागा नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, चला ना, कात्रिना तिकडे आहे.’ मला वाटले, गार्बान्सेरा कोठून आली हे इकडेच दिसते आहे.

आणि मृत्यूपुढे सारखेच असण्याबद्दल. पोसादा २० जानेवारी १९१३ रोजी वारला. मेक्सिको सिटीतल्या दोलोरेसच्या दफनभूमीत त्याला सहाव्या वर्गाची फुकट जागा मिळाली. हो, थडग्यांनाही वर्ग होते. सात वर्षे कोणी हक्क सांगायला आले नाही, तेव्हा हाडे काढून सार्वजनिक खड्ड्यात टाकली गेली. रिव्हेरा १९५७ मध्ये गेला. त्याच दफनभूमीत नामवंतांसाठी राखलेल्या गोलाकार जागेत त्याची समाधी आहे. दियास तर १९११ मध्ये देश सोडून गेला, त्याचे थडगे पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत आहे. मरणाने या तिघांना कुठे सारखे केले? पोसादाचे सांगाडे नाचतात, दारू पितात, सायकली हाणतात. सगळे सारखे झाले असे ते मला सांगत नाहीत. अंगावरचे मांस गेल्यावरही टोपी सुटत नाही, हे त्यांत दिसते.

२०१६ पासून मेक्सिको सिटीत या सणाची मोठी मिरवणूक निघते. तिची कल्पना आधीच्या वर्षीच्या एका बॉन्डपटातून आली. त्यात हजारो चेहरे कात्रिनासारखे रंगवलेले असतात. रंगवोत. मला त्याचा राग नाही. पण ते चित्र कोणाचे, हे आपल्या वाचकांना कळायला हवे होते.

चित्राखालची ओळ दुरुस्त करून पुन्हा छापावी ही विनंती. ती अशी असावी: ‘कालावेरा गार्बान्सेरा, जस्ताच्या ठशावरून छपाई. चित्रकार: होसे ग्वादालुपे पोसादा.’

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर