जुन्या वास्तूंना सिमेंट नको

महोदय,
मराठवाड्यातील साहित्य-इतिहास संस्थांच्या आणि जुन्या ग्रंथालयांच्या काळ्या दगडी वास्तूंना डागडुजीच्या नावाखाली सर्रास सिमेंटचा गिलावा फासला जातो. हे थांबायलाच हवे. चुन्यातली भिंत ओल शोषते आणि बाहेरही सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग ओल वर चढते, क्षार फुलतात, आतला चुना भुसभुशीत होऊन झडतो आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके कुजतात. वरून मात्र भिंत ठणठणीत दिसते, तिथेच फसगत होते.

आधी पन्हळी मोकळ्या करा, पायथ्याशी साचलेली माती उतरवा. मग सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने काढा, दगडांमधल्या दरजा (सांधे) इंचभर खरवडून पाणी मारा. मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू व सुरखी (विटांची भुकटी) मिळून तीन भाग, असे मिश्रण भरा. आठवडाभर ओले गोणपाट ठेवा. आपल्याकडच्या उन्हात चुना फार लवकर तडकतो.

माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, सिमेंटचा स्लॅब तर मुळीच ओतू नये. चार इंची थराचे वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरते, आणि खाली असतात जुन्या सागवानी तुळया. कार्यकारिणींनी निविदेतच ‘दुरुस्ती चुन्यात’ हे कलम घालावे.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर