जुनी लुगडी घंटागाडीत टाकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी मामंजींच्या काळापासून येतोय आणि दिवाळीच्या दिवसात तर मी तो शेवटच्या पानापर्यंत वाचते, डाळी-तेलाचे दर, पोरांचे किल्ले, महाद्वार रोडची गर्दी, पाडव्याला नटवून पळवतात त्या म्हशी, सगळं त्यात येतं. पण याच दिवसात आमच्यासारख्या वाकळा शिवणाऱ्या बायकांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, काय चाललेलं असतं ते कधी वाचायला मिळालं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पुण्याकडचे लोक गोधडी म्हणतात, आम्ही वाकळच म्हणतो. मी शुक्रवार पेठेत राहते, लग्न होऊन आले आणि सासूबाईंच्या शेजारी बसून हातात सुई घेतली त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

लिहायला निमित्त असं झालं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, मी कचऱ्याची बादली घेऊन उभी होते आणि पलीकडच्या घरातल्या वैनींनी दोन मोठी गाठोडी गाडीत टाकली. एकाची गाठ सैल झाली होती आणि आतनं इरकलीचा लाल पदर बाहेर आला होता. मला राहवलंच नाही, बादली तिथंच ठेवली आणि गाडीमागं पळाले, गाडीवरचा दादा चांगला माणूस, त्यानं थांबवून ते गाठोडं काढून दिलं. दुसरं तोवर ओल्या कचऱ्याखाली गेलं होतं. वैनी म्हणाल्या, "अहो आमच्या आत्यांची लुगडी हाईत ती, आता कोण नेसतंय, कपाट रिकामं करायचं होतं." मी म्हटलं वैनी, एवढं चांगलं सुती कापड, तुम्ही मला द्या, मी तुम्हाला यातनं वाकळ शिवून देते. त्या जरा वेळ बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, बरं.

तर साहेब, दिवाळीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे माझे सगळे दिवस त्या एका वाकळेत गेले आणि फार सुखात गेले.

गाठोड्यात दोन नऊवारी होती आणि तीन-चार विरलेल्या सुती साड्या. एक लुगडं पार जीर्ण, ते आत घालायचं. दुसरं गडद निळं इरकल, अंग एकदम शाबूत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर कापड, त्याचे सारखे चार तुकडे केले की दोन वरच्या अंगाला आणि दोन खालच्या अंगाला, मधे दंड घालून, म्हणजे काठाला काठ शिवून, जोडायचे, एका लुगड्यात मोठ्या वाकळेच्या दोन्ही बाजू निघतात. पदर मी आधीच बाजूला काढते आणि नंतर उशाकडं वरनं लावते, म्हणजे पांघरताना रात्रीसुद्धा हाताला कळतं की उशाकडची बाजू कुठली. आत चार-पाच थर. सुती असेल तर जितकं जुनं तितकं मऊ, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. सिंथेटिक साडी आत घातली की थर एकमेकांवरनं घसरतात, सुई अडते, आणि पांघरणाऱ्याला घाम फुटतो तो वेगळाच. त्यामुळं मी सिंथेटिक घेत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

लुगडं धुवून वाळवून पसरलं तेव्हा कमरेच्या जागी तळहाताएवढा तांबूस डाग दिसला. मी साबण लावला, लिंबू लावलं, जाईना. वैनींना बोलावून दाखवला तर त्या खाली बसल्या आणि त्यावर हात फिरवत म्हणाल्या, "हा काताचा डाग, आत्यांची पानाची चंची कायम कनवटीला असायची." मी विचारलं, आतल्या बाजूला घेऊ का, झाकून जाईल. तर म्हणाल्या नको, वरच राहू दे. मग मी तुकडे असे फिरवले की तो डाग बरोबर उजव्या हाताशी आला.

आता रोजचं सांगते. सकाळी पाण्याची गडबड, स्वयंपाक, पोळ्या, भांडी, हे सगळ्यांच्या घरी असतं तसंच. दिवाळीच्या आठवड्यात फराळ. पण माझा एक नियम आहे, तळणीचा हात वाकळेला लागू द्यायचा नाही, त्यामुळं चकल्या-करंज्या सगळं सकाळीच उरकते, मग हात बेसन लावून धुते आणि दुपारी दोननंतर सोप्यात वाकळ पसरते. चार कोपऱ्यांवर चार वजनं, एक वरवंटा, एक खलबत्ता, एक पाण्याचा तांब्या आणि एक नातवाच्या किल्ल्यातनं उरलेला दगड. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर धरायचे, मग काठापासनं धावदोरा सुरू, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, दोन रांगांत एक बोट अंतर. यात नजर लागते आणि पाठही लागते. पण एकदा हात लागला की डोकं एकदम शांत होतं, गल्लीत फटाके वाजू देत नाहीतर कुणाच्या घरात भांडण होऊ दे, मला कोपरा आला एवढंच कळतं.

सुट्टी असल्यामुळं नातू घरी. त्याचं एक काम मी ठरवून दिलंय, सकाळी दहा सुयांत दोरा ओवून ठेवायचा. माझ्या डोळ्यांना आता ते जमत नाही, दोन-दोन मिनिटं जातात. तो दोऱ्याला मेण लावतो, टोक जिभेवर घेतो, एक डोळा मिटतो आणि फटकन ओवतो, मग दहाही सुया जुन्या उशीत रांगेत टोचून ठेवतो, दोरे खाली लोंबत असतात. दुपारी बसलं की हाताशी दहा सुया तयार, याच्याइतकं सुख मला दुसरं कशातच वाटत नाही. शाळा सुरू झाली की हे संपणार, म्हणून मी या दिवसात जास्तीत जास्त शिवून घेते. त्याला बदल्यात चिंध्या पाहिजे असतात, किल्ल्यावर लावायला भगवे झेंडे. यंदा त्यानं आणि त्याच्या मित्रांनी पन्हाळा केला होता, त्यांच्या सगळ्या झेंड्यांचं कापड माझ्या पिशवीतलं. आणि पाडव्याच्या आदल्या रात्री गवळ्याचा पोरगा आला, काकी तेवढ्या कवड्या पट्ट्यावर शिवून द्या की म्हणून. रात्री अकरापर्यंत बसून दिल्या, दुसऱ्या दिवशी ती म्हैस शिंगं रंगवून, मोरपीस लावून, गळ्यात माझा पट्टा घालून दारावरनं पळत गेली तेव्हा मी कामं टाकून बाहेर उभी होते.

भाऊबीज झाली की गर्दी ओसरते आणि खरे दिवस तेव्हा सुरू होतात. शेजारच्या दोघी-तिघी फराळाचं ताट घेऊन येतात, ताट मी लांब देवळीत ठेवायला लावते, हात धुवायला लावते, आणि मग एकेक जण एकेक बाजू धरते. चार बाजूंना चार बायका बसल्या की टाके चार जातींचे पडतात, एकीचा बारीक, एकीचा लांब, एकीची रांग जरा वर चढते. पूर्वी सासूबाई असली रांग उसवायला लावायच्या. मी नाही उसवत. पुढं ती वाकळ बघून सांगता येतं की ही बाजू अमक्या मावशींनी शिवली, त्या आता लेकीकडं पुण्याला गेल्या.

आमचं दार मावळतीकडं आहे. नोव्हेंबरात साडेपाचला ऊन उंबऱ्यावरनं आत येतं आणि पार भिंतीपर्यंत जातं. ९, १० आणि ११ तारखेला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, महाद्वारातनं आलेली मावळतीची किरणं गाभाऱ्यात जातात आणि देवीच्या चरणांपासून वर चढतात, ते बघायला लोक तासनतास उभे राहतात. मी पण पूर्वी जायचे. आता गर्दीत उभं राहवत नाही, पण त्याच वेळेला तेच ऊन आमच्या सोप्यात वाकळेवर पडतं, तेवढी दहा-पंधरा मिनिटं प्रत्येक टाक्याची सावली दिसते, सगळी वाकळ शेतातल्या सऱ्यांसारखी दिसायला लागते. मी सुई खाली ठेवते आणि हात जोडते. यंदा तिन्ही दिवस मला हे ऊन मिळालं.

एक दुःखाचं पण सांगितलं पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या घरात आलं, आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. पाणी उतरल्यावर परत आलो तर माळ्यावर ठेवलेल्या सुद्धा भिजल्या होत्या, सासूबाईंनी शिवलेल्या सहा वाकळा, चिखल पिऊन एवढ्या जड झालेल्या की एक उचलायला तीन माणसं लागली. चार कुजल्या. दोन मी आणि जाऊबाईंनी काठीनं बडवून बडवून धुतल्या, पाच दिवस टेरेसवर वाळत होत्या. त्यातली एक आजही माझ्या अंगावर असते. वास गेला, रंग गेला, धावदोरा एका जागी सुटला नाही. त्या वेळी मदतीची ब्लँकेटं खूप आली, देणाऱ्यांचे उपकार आहेत, पण दोन हिवाळ्यात त्यांचे गोळे झाले. वाकळेचे थर गोळा होत नाहीत कारण बोटाबोटावर टाका असतो, आणि थराथरांत हवा धरून राहते म्हणून ऊब येते, एवढं साधं आहे ते.

मजुरीचं बोलते. मी एका मोठ्या वाकळेचे १,२०० रुपये घेते, कापड गिऱ्हाइकाचं. रोज तीन-चार तास बसून बारा-पंधरा दिवस जातात. हे लोकांना जास्त वाटतं, "घरातलंच तर कापड, नुसती शिवायची तर आहे" असं म्हणतात आणि त्या 'नुसती'चं मला फार वाईट वाटतं. मागं एका व्यापाऱ्यानं शहरात विकायला दहा वाकळा शिवून घेतल्या, निम्मे पैसे दिले आणि बाकीच्यासाठी वर्षभर फिरवलं, शेवटी मीच जाणं सोडून दिलं. तेव्हापासून मी फक्त घरच्या कापडाची वाकळ शिवते, ज्याची त्याला.

म्हणून तुमच्या पेपरातनं सगळ्या बायकांना आणि पुरुषांनासुद्धा हात जोडून सांगायचंय. नवरात्राच्या आधी आपण सगळं अंथरुण-पांघरुण काढून धुतो, पंचगंगेच्या घाटावर तर त्या दिवसात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाच कपाटातली जुनी सुती लुगडी, धोतरं, साड्या वेगळ्या काढून ठेवा. दिवाळीच्या झाडलोटीत ती घंटागाडीत टाकू नका. तुमच्या गल्लीत नाहीतर गावाकडं वाकळ शिवणारी एक तरी बाई असतेच, विचारा, सापडते. घरात बाळ येणार असेल तर आजीच्या साडीचं दुपटं शिवून घ्या, बाजारातल्या कुठल्याही मऊ कापडापेक्षा ते मऊ असतं. आणि सुट्टीत पोरांना दहा सुया ओवायला बसवा, मोबाईल बाजूला राहतो.

वैनींची वाकळ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपली. शेवटी मधे वीतभर चौकोन उरतो, त्याला आम्ही वाकळेचं पोट म्हणतो. सासूबाई ते रिकामं शिवायच्या नाहीत, हळदीकुंकवाचं बोट लावून चार तांदूळ आत घालायच्या. मी पण घातले आणि वैनींना बोलावून शेवटचा टाका त्यांच्या हातानं घालून घेतला. त्यांनी तिथंच जमिनीवर बसून वाकळ मांडीवर घेतली, पदराचा लाल काठ उशाकडं, काताचा डाग हाताशी. त्रिपुरीच्या पहाटे घाटावर दिवे लावायला गेलो तर गर्दीत त्यांची लेक भेटली, थंडी होती, अंगावर तीच वाकळ. वैनी मागनं आल्या, माझा हात धरून थोडा वेळ पाण्यातल्या दिव्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दुसऱ्या गाठोड्यात मामंजींची धोतरं होती. ती अस्तराला चालली असती का हो?"

मी म्हटलं, चालली असती.

आपली नम्र,
एक वाकळ शिवणारी,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर