डाय घासायच्या आधी कॉम्प्युटरवर पत्रा दाबून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या पत्रा दाबायच्या एका प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं डाय फिटरचं काम करतोय (डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा), पीथमपूरच्या कारखान्यांना जाणारे छोटे पार्ट आमच्याकडे होतात. मागच्या पावसाळ्यात एक चौकोनी कव्हर आलं, 1.2 मिमी पत्रा, आणि दर ट्रायलला कोपऱ्यात फाटायचं. ब्लँक होल्डरचा, म्हणजे पत्र्याची कड धरून ठेवणाऱ्या भागाचा, दाब कमी केला की फाटणं थांबायचं पण कडेला सुरकुत्या, दाब वाढवला की परत तडा. डाय उतरवा, तिच्या काठाची गोलाई घासा, परत चढवा, तीन आठवडे हेच चाललं, भंगाराचा ढीग वेगळाच.

शेवटी मालकांच्या भाच्याने त्याच डायचं सिम्युलेशन लावलं, म्हणजे पत्रा दाबणं कॉम्प्युटरवर करून बघितलं. स्क्रीनवर नेमका तोच कोपरा लाल, पत्र्याची जाडी तिथं 0.8 मिमीच्याही खाली जात होती. त्याने तिथल्या तिथे ब्लँकचे, म्हणजे दाबायच्या आधीच्या सपाट पत्र्याचे, चारही कोपरे तिरपे छाटून बघितले, माल आत सरकायला लागला आणि लाल गेला. आम्ही तसाच ब्लँक कापला, पार्ट अख्खा निघाला!

कुठला पत्रा किती ताण सोसेल त्याची रेषा 1960 च्या दशकातच अमेरिकेत कीलर आणि गुडविन यांच्या कामातून आली, पत्र्यावर बारीक गोल छापायचे आणि दाबल्यावर ते किती लांबट झाले ते मोजायचं. कॉम्प्युटर पार्टची जागा न जागा त्याच रेषेशी ताडून बघतो.

पण कॉम्प्युटरमध्ये भरलेला पत्रा आणि प्रेसवरचा पत्रा एकच हवा हो. ईडीडी ग्रेड (खोल दाबायचा मऊ पत्रा) भरून ठेवलं आणि गोदामातून साधी डी ग्रेडची कॉइल आली तर स्क्रीनवरचं हिरवं काय कामाचं? तेल कुठलं लावतो ते पण खरं सांगायला हवं. आणि आता हाय स्ट्रेंथ पत्रा वाढलाय, तो दाब सुटल्यावर साध्या पत्र्यापेक्षा जास्त मागे उघडतो, 90 अंशाचा बेंड 93 येतो, ते आधी कळलं तर डायमध्येच तो तेवढा जास्त वाकवता येतो.

या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्यासारख्या, दोन-तीनच प्रेस असलेल्या शॉपना परवडत नाही. आमच्याच रोडवर केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं आठवड्यातला एक दिवस छोट्या शॉपसाठी ठेवावा, सिम्युलेशन आणि पत्र्याची टेन्साइल टेस्ट (तुकडा ओढून ताकद मोजायची चाचणी) दोन्ही एकाच जागी व्हावं, आणि इंजिनियरच्या शेजारी फिटरलाही बसू द्यावं कारण कुठे पत्रा अडतो ते त्याच्या हाताला माहीत असतं. आम्ही ड्रॉइंग आणि पत्र्याचा तुकडा घेऊन येऊ, वाजवी फी पण भरू.

आपला,
एक डाय फिटर, इंदूर