तेलाची बाटली आणि बिरुयाचे लोक

संपादक महोदय,

माझ्या धाकट्या जावेने या पावसाळ्यात ३ आठवडे इन्सुलिन घेतले नाही. सुई टोचून घेणे म्हणजे अविश्वास, असे एका प्रार्थनासभेत पाहुण्या उपदेशकाने सांगितले होते. त्याने ५०० रुपयांना दिलेली तेलाची बाटली तिच्या उशाशी होती, झाकणाला लाल मेण लावलेली. साखर इतकी चढली की ४ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. त्यावर उपदेशकाचा निरोप आला, विश्वास कमी पडला. माझा संताप अजून शमलेला नाही.

देवाच्या माणसाला कसे विचारायचे, म्हणून आम्ही मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक गप्प बसतो. पण बिरुया नगराच्या लोकांनी प्रत्यक्ष प्रेषित पौलाचे बोलणे रोज शास्त्र उघडून तपासले आणि बायबलमधले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक (१७:११) त्यांना थोरच म्हणते. तेल लावून प्रार्थना करा, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे, खरे. पण ती करायची मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी, आणि पैशाचा तिथे शब्दही नाही. फुकट मिळाले ते फुकट द्या, ही तर येशूची आज्ञा. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्याच्या विश्वासाला बोल लावत नाही.

साध्या बायकांनाही वाचता यावे, म्हणून पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला हिब्रू-ग्रीकमधून बायबल मराठीत आणले. हल्ली रविवारी दुपारी जाऊ चष्मा लावून वाचते, मी ऐकते. इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर