'उपग्रह आहेतच' : समुद्रखात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, म्हणजे प्लवकांची, मासिक नोंद एक महिनाही खंडित होणार नाही, असा शब्द आपण भर सभागृहात दिलात. टाळ्याही पडल्या. आता खात्याचे परिपत्रक हाती आले आहे : जाळे तीन महिन्यांतून एकदा टाकावे, मोजणीची रिक्त पदे भरू नयेत, प्रवाहमापीचा खर्च अनावश्यक. आणि शेवटी, 'उपग्रह आहेतच'.

आहेत ना. पण उपग्रहाला दिसतो पाण्याचा रंग, तोही वरच्या थराचा. त्यावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. पाणी तापून थर एकमेकांत मिसळेनासे झाले की वरची पोषकद्रव्ये संपतात आणि वनस्पतीप्लवकांची दाटी पुष्कळदा खोल सरकते. ती वरून दिसत नाही. ढग आले की उरलेलेही दिसत नाही. आणि त्या हिरव्या पाण्यात चरणारा कोपेपॉड हा इवला कवचधारी जीव कोणत्या जातीचा, हे अवकाशातून विचारायची सोयच नाही.

जात कळून काय करायचे, असे आपले अधिकारी विचारतात. युरोपातल्या उत्तर समुद्रात कॅलॅनस फिनमार्किकस ही कोपेपॉडची थंड पाण्यातली जात ओसरली आणि कॅलॅनस हेल्गोलँडिकस ही उबदार पाण्यातली जात वाढली. दोघी अगदी जुळ्या. पाचव्या पायावरची दातांची ओळ सरळ की वळलेली, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावे लागते. पण पहिलीचा भर वसंतात, दुसरीचा उन्हाळा सरता सरता. कॉड माशाची पिल्ले भुकेली असतात वसंतात. ताट मांडले, पण पंगत उठून गेल्यावर! अशा वेळी नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, 'कोपेपॉड आहेतच.'

ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले कोपेपॉड चार दशकांत सुमारे 10 अक्षांश उत्तरेला सरकले. हे उमगले ते 1931 पासून मालवाहू जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या एका पेटीमुळे. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी बनवलेल्या या यंत्रात 270 मायक्रोमीटर छिद्रांचे रेशीम असते. मागचा पंखा पाण्याच्या रेट्याने फिरतो, रेशीम पुढे सरकवतो, आणि दोन पट्ट्यांत दाबलेले प्लवक नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या टाकीत गुंडाळले जातात. 10 सागरी मैलांना एक नमुना, म्हणजे साधारण 3 घनमीटर पाणी. त्याच रेशमावर 1999 मध्ये लॅब्राडोर समुद्रात निओडेंटिक्युला सेमिनी हा पॅसिफिकमधला डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, सापडला. उत्तर अटलांटिकमधून तो 8 लाख वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. त्याला शोधायला कुणी निघाले नव्हते. मोजणी चालू होती, म्हणून दिसला.

आता आपल्या काटकसरीकडे. जाळ्याचे तोंड 0.25 चौरस मीटर, 200 मीटर खोलीवरून सरळ वर ओढले तर 50 घनमीटर पाणी गाळले जाते. हे झाले कागदावर. प्लवकांच्या बहराच्या दिवसांत जाळीची छिद्रे तुंबतात आणि पाणी तोंडाशीच परत फिरते. नेमके किती गाळले गेले, हे तोंडात बसवलेला प्रवाहमापीच सांगतो, जो आपण खोडलात. आता भागाकार कशाने करायचा? परिपत्रक क्रमांकाने?

खेपेची वेळही पाळावी लागते, कारण रात्री प्राणीप्लवक वर येतात. उथळ पाण्यातला दुपारचा नमुना रात्रीच्या शेजारी ठेवला तर समुद्र सूर्यास्ताला सुपीक होतो, असाच निष्कर्ष निघेल. नमुना 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवताना बोरॅक्स घालून आम्लता मारायची. नाही मारली तर टेरोपॉड या तरंगत्या गोगलगाईंची कवचे बाटलीतच विरघळतात आणि त्यावर कुणीतरी समुद्राच्या आम्लीकरणाचा प्रबंध लिहून मोकळा होतो. बोरॅक्सची मागणी मागच्या वर्षीपासून 'विचाराधीन' आहे.

मोजणाऱ्यांच्या मानेचे आणि डोळ्यांचे काय होते, हे सांगायला हे पत्र नाही. पण सांगतोच, कारण कुणी विचारत नाही. विभाजकातून नमुन्याचे समान भाग पाडायचे, एक भाग मोजणीच्या खोबणीत ओतायचा आणि शेकडो जीव जातवार टिपायचे. नाकात फॉर्मॅलिन, हातात अकरा महिन्यांचा करार. जात ओळखणारा माणूस घडायला वर्षे लागतात. त्याला घरी पाठवायला एक सही पुरते.

आणि हे एकट्या आपल्या खात्याचे नाही. सगळी व्यवस्थाच तीन वर्षांच्या प्रकल्पांवर आणि फितीवर चालते. नवे जहाज आले की फीत, नवा संगणक आला की फीत. चालू नोंदवहीला फीत कुठे बांधणार? तुमच्या एका सोहळ्याच्या मंडपाच्या खर्चात आमची दहा वर्षांची जाळी येतील, आकडा थोडा इकडेतिकडे धरा. उपग्रहाच्या हरितद्रव्य-नोंदींतून तापमानवाढीचा कल नैसर्गिक चढउतारांपासून वेगळा काढायला सुमारे 40 वर्षे लागतात, असा हिशेब 2010 मध्येच मांडला गेला आहे. अशी सलग नोंद सुरू झाली 1997 मध्ये. म्हणजे ज्याच्या भरवशावर आमची जाळी गुंडाळता, तोही अजून वयात आलेला नाही.

मासिक खेप पूर्ववत करा. तापमानवाढीची पहिली चाहूल बहराच्या तारखेत लागते. बहर चार आठवडे आधी आला, तर तिमाही जाळ्याला तो कळणारही नाही. नवी पद्धत आणायचीच असेल तर जुनी निदान दोन वर्षे सोबत चालवा, म्हणजे बदल समुद्रात झाला की यंत्रात, हे कळेल. आणि प्रवाहमापी परत द्या.

खात्याच्या नव्या तक्त्यात रिकामा रकाना चालत नाही, तिथे 0 भरा, अशी तोंडी सूचना आहे. ती आम्ही पाळणार नाही. 0 म्हणजे जाळे टाकले, पाहिले आणि सापडले नाही. पुढच्या महिन्याचा रकाना आम्ही कोराच ठेवू आणि शेरा म्हणून आपल्या परिपत्रकाचा क्रमांक लिहू.

आपले,
प्लवक मोजणारे