आई-बाबा, सही करून टाकलीय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला गेलं की आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. सिंगापूरचं कॉन्ट्रॅक्ट मी अजून दोन वर्षांनी वाढवलंय. पुण्याच्या त्या नोकरीला नाही म्हणून कळवलं. आधी विचारलं असतं तर आई लगेच हो म्हणाली असती आणि रात्रभर जागी राहिली असती. रागवा, पण पूर्ण वाचून मग रागवा.

बाबा, तुम्ही विचारता ना त्या मशीनसमोर बसून तू करतेस काय. डेंग्यूच्या पेशंटचं पहिल्या दोन-तीन दिवसांतलं रक्त घ्यायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर, बघायचं की शरीरानं काय वापरलं, काय उरलं, अमिनो आम्लं, चरबीचे प्रकार, असे शेकडो बारीक रेणू. आई नुसता ओटा बघून सांगते ना तिच्यामागे घरात काय शिजलं, तसंच. बहुतेकांचा डेंग्यू ताप येऊन बरा होतो, थोड्यांच्याच रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं आणि बीपी घसरतं, पण पहिल्या दिवशी दोघंही सारखेच कण्हत असतात. प्लेटलेट पण नंतरच धडाधड पडतात. 2016 मध्ये इथल्या पेशंटवरच्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा आजार पुढे रक्तस्रावी डेंग्यूवर गेला त्यांच्या रक्तात सेरोटोनिन नावाचा एक रेणू सुरुवातीलाच कमी होता. रक्तातलं बहुतेक सेरोटोनिन प्लेटलेटमध्येच साठलेलं असतं, म्हणून त्याचा प्लेटलेटशी संबंध असावा. कोविडमध्येही असंच एक सापडलं, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल उतरलेलं आणि त्यापासून बनणारं कायन्युरेनिन चढलेलं असलं की आजार जास्त.

मग कुणाचा डेंग्यू वाढणार ते आधीच सांगणारी टेस्ट बाजारात का नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. रक्ताची नळी जरा जास्त वेळ पडून राहिली की आकडा बदलतो, पेशंट जेवून आला की बदलतो, आणि तुमच्यासारखा शुगरवाला माणूस असला की कितीतरी आकडे तापाआधीच हललेले. थोड्या पेशंटवर जमलेलं गणित दुसरीकडच्या पेशंटवर टिकतं का, ते बघायचंय. हे काम पुण्यात बसून झालं नसतं का? झालं असतं, कदाचित. पण 2020 मध्ये एवढ्याशा या शहरात 35 हजारांवर केसेस झाल्या, आणि मशीन, पेशंट, डॉक्टर सगळं इथे एका रस्त्यावर आहे.

आणि खरं सांगू का, बाबा, तुम्हाला डेंग्यू झाला तेव्हा मिरजेच्या त्या रात्री डॉक्टर "बघूया उद्या" म्हणाले ना, ते माझ्या डोक्यातून जात नाही. आईनं तर तेव्हा पदरच सोडला नव्हता तोंडावरचा.

माझी काळजी नको. लिटल इंडियात मेथी, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं, भाकरी अजून नकाशासारखी होते, पण होते. खोलीला मोठी खिडकी आहे. परवा अंगात कणकण होती तर एकदम वाटलं बाबा येऊन कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतील, पट्टी गार आणि तुमचा हात गरम.

आता नीट ऐका. बाबा, डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एकदा झाला म्हणून सुटलो असं नाही, दुसऱ्या प्रकाराचा झाला तर उलट जास्त त्रास होऊ शकतो. म्हणून ताप आला की पहिल्या दिवशीच एनएस1, म्हणजे डेंग्यूची रक्ततपासणी, करायची. पॅरासिटामॉलच घ्यायची, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच, ब्रुफेन नाही, अॅस्पिरिन नाही, आणि तुमची ती रोजची रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवायची की नाही ते डॉक्टरना विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. शुगरचं पहिल्यांदा सांगायचं. आई, ताप उतरला की तू देवापुढे साखर ठेवून मोकळी होतेस, पण धोका तेव्हाच सुरू होतो. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस सुस्त झालाय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता दवाखाना. दादाला फोन, मला नंतर. पपईच्या पानांचा रस काकूंनी दिला तर घ्या हवं तर, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

मागच्या अंगणातला तो पिंप दर आठवड्याला रिकामा करून घासायचा, नुसतं झाकण टाकून चालत नाही. रविवारी बाबांनी व्हिडिओ कॉलवर घासलेला दाखवायचा, आई खोटं बोलेल.

तुमची,
चिमी