जाहिरातीतील द्विमितीय ॲनिमेशन आणि पुराव्याची जबाबदारी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उत्पादनांच्या जाहिरातींत द्विमितीय (टूडी) ॲनिमेशन, म्हणजे सपाट रेखाटलेली हलती चित्रे, वापरले जाते, तेव्हा त्यातील दावे प्रत्यक्ष चित्रीकरणाइतक्या काटेकोरपणे तपासले जात नाहीत. या व्यवसायात बरीच वर्षे चित्रे काढल्यानंतर हे मत बनले आहे आणि ते जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

या माध्यमावर माझे मनापासून प्रेम आहे, हे आधीच सांगतो. बंद नळीच्या आत काय चालले आहे ते कॅमेऱ्याला सहसा दिसत नाही. टूडी चित्र मात्र वस्तू उभी कापून दाखवते, अनावश्यक ते सारे गाळते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी एका झडपेवर नेऊन ठेवते. एखाद्या यंत्रातून पाणी कसे फिरते हे समजावण्यासाठी चार रेषा आणि दोन रंग पुरतात. तेच चकचकीत त्रिमितीय चित्रात दाखवले की नजर पृष्ठभागावरच अडकते, असे मला वारंवार जाणवले आहे.

या पद्धतीत आपोआप असे काहीच घडत नाही. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर प्रतिमा, असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले, तरी सेकंदाला १२ आणि ३० सेकंदांच्या जाहिरातीला ३६० चित्रे लागतात. चित्रीकरणात एखादी गोष्ट नकळत टिपली जाऊ शकते, पण येथे प्रत्येक थेंब, प्रत्येक डाग आणि तो पुसला जाण्याचा वेग कोणीतरी ठरवून काढलेला असतो. म्हणून ॲनिमेशनची जबाबदारी कमी नव्हे, अधिक मानली पाहिजे. व्यवहारात मात्र ‘हे तर चित्र आहे’ एवढ्यावर प्रश्न मिटवला जातो.

अमेरिकेत दाढीच्या क्रीमच्या एका जाहिरातीत क्रीम लावताच वस्तऱ्याने सँडपेपरसुद्धा गुळगुळीत होतो असे दाखवले होते. प्रत्यक्षात तो वाळू चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता. पाहणाऱ्याला प्रत्यक्ष प्रयोग पाहत असल्याचा भास होतो, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती जाहिरात फसवी ठरवली. हेच प्रात्यक्षिक रेषांनी काढले असते, तर किती जणांनी हरकत घेतली असती?

काही वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करणाऱ्या एका उपकरणाच्या जाहिरातीवर मी काम करीत होतो. चाचणीच्या अहवालात काही अशुद्धी शिल्लक राहतात असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे मी गाळणीच्या पलीकडे दोन ठिपके ठेवले होते. बैठकीत ते काढायला सांगण्यात आले आणि कारण देण्यात आले ते हेच, की हे चित्र आहे, अहवाल नव्हे. मी ते पुसले. त्या वेळी मी आग्रह धरायला हवा होता, असे मला आजही वाटते.

सगळीच अतिशयोक्ती खोटी असते, असे माझे म्हणणे नाही. जंतू चेंडूएवढा काढला, त्याला डोळे दिले, पाणी निळे रंगवले, तर कोणी फसत नाही. ती चित्रकाराची मोकळीक आहे आणि तिच्यावाचून हे माध्यम निर्जीव होईल. पण किती जंतू गेले, किती वेळात गेले आणि मागे काय उरले, या तीन गोष्टी चित्रात आल्या की त्यांचे दावे होतात, मग खाली बारीक अक्षरांत ‘प्रतीकात्मक चित्रण’ लिहिलेले असो वा नसो. ती ओळ वाचून होण्याआधीच चित्र मनात बसलेले असते.

रेखाटलेल्या आकृतीचा मनावरील पगडा किरकोळ नसतो. सिगारेटच्या जाहिरातीतील एका व्यंगचित्री उंटाविषयी १९९१ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा वर्षांच्या सुमारे ९१ टक्के मुलांनी त्या उंटाचा संबंध सिगारेटशी अचूक जोडला होता. ज्यांना अजून नीट वाचताही येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचले होते.

जाहिरातदारांनी आणि जाहिरातींचे नियमन करणाऱ्या संस्थांनी ॲनिमेटेड प्रात्यक्षिकासाठीही चित्रीकरणाइतकाच पुरावा मागावा, आणि तो जाहिरात पूर्ण झाल्यावर नव्हे तर स्टोरीबोर्डच्या, म्हणजे दृश्यांच्या कच्च्या चित्र-आराखड्याच्या, टप्प्यावरच मागावा, अशी माझी विनंती आहे. एकदा शेकडो चित्रे काढून झाली की बदल करायला वेळ आणि पैसा दोन्ही उरत नाहीत आणि चूक तशीच पुढे जाते. स्टोरीबोर्डमध्ये प्रत्येक चौकटीखाली संवाद आणि ध्वनी लिहिण्यासाठी जागा असतेच. तेथे ‘या दृश्याचा आधार कोणता’ ही आणखी एक ओळ छापावी आणि ती भरल्याशिवाय चित्रकाराच्या हाती काम देऊ नये.

आपला,
एक ॲनिमेटर